टोमणा आणि थापटणे

टोमणा ही वस्तू घराघरांत नांदते. 'लेकी बोले सुने लागे' या म्हणीत तिची सगळी रीत आली. बोलायचे एकीला, लागायचे दुसरीला; आणि कोणी जाब विचारलाच, तर आमच्या नागपुराकडे उत्तर तयार, "मी तुम्हाले काही म्हटलं का?"

संस्कृतात अशा माणसाला 'सूचक' म्हणत. आज हा शब्द निरुपद्रवी वाटतो. पण अमरकोशात कर्णेजप, म्हणजे कानाशी लागणारा, आणि सूचक हे एकाच अर्थाचे सांगून लगेच शेजारी पिशुन, दुर्जन, खल बसविले आहेत. सूचि म्हणजे सुई. सुईची जखम दिसत नाही, ठणका मात्र राहतो. गीतेच्या १६ व्या अध्यायात दैवी संपत्तीत 'अपैशुन' मोजले आहे, ते या पिशुनपणाच्या उलट.

कोणी म्हणेल, मग संत काय गोडच बोलले? तुकोबांनी दांभिकांची गय केली का? नाही केली. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण कीर्तनात ऐकतो. त्यांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकले आणि नामदेवांना सर्वांदेखत कच्चे ठरविले. नामदेवांना राग आला, पण पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले. थापटणे उघड असते, मडके पक्के व्हावे म्हणून असते. टोमणा पदराआडून येतो आणि मारणारा हात मागे घेतो. फरक कडक शब्दांत नाही, हेतूत आहे.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. आमच्या भजनात एक माळकरी दोन एकादशा उशिरा आले. मी शेजारच्या पोराला मोठ्याने म्हटले, "काहींना आरतीपुरताच देव लागतो रे!" ते काही बोलले नाहीत. टाळ ठेवून गेले, ते पुन्हा आले नाहीत. मागाहून कळले, घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिला भरवून, निजवून ते येत असत. "का हो, उशीर का होतो?" एवढे सरळ विचारायला काय झाले होते? पण सरळ विचारले म्हणजे उत्तर ऐकावे लागते. टोमण्याला उत्तर नकोच असते.

मी त्यांच्या घरी गेलो, पायांवर डोके ठेवले. त्यांनी उचलून "माउली" म्हटले. तो शब्द मला माझ्या टोमण्याहून अधिक लागला.

हरिपाठानंतर आपण एकमेकांच्या पाया पडतो. ज्या पायांवर डोके ठेवायचे, त्याच्या काळजात सुई टोचायची, तर तो नमस्कार कोणाला पोचणार?

रामकृष्णहरि.