सबर म्हणजे गप्प राहणे नव्हे



जुलै महिना लागला की कोल्हापुरात प्रत्येकाचे लक्ष दोन गोष्टींकडे असते. राधानगरी धरण किती भरले आणि राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती फुटांवर आहे. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये हे पाणी ५५ फुटांच्याही पुढे गेले. घरांतील चिखल लोकांनी उपसून काढला. मनात साचलेला गाळ मात्र अनेकांच्या बाबतीत अजून तसाच आहे.

आमच्या मशिदीत नियमाने येणारे एक वयस्क गृहस्थ आहेत. दोन्ही पुरांत त्यांचे दुकान बुडाले. तेव्हापासून पाऊस वाढला की त्यांची झोप उडते, छातीत धडधडते, रात्रभर ते मोबाईलवर पाण्याची पातळी पाहत बसतात. एका रात्री इशाच्या नमाजनंतर ते मागे थांबले आणि म्हणाले, "मौलाना, माझं ईमान कमजोर झालंय का? अल्लाहवर भरवसा आहे म्हणतो आणि पावसाला घाबरतो." मला घरी जाण्याची घाई होती. मी म्हणालो, "चाचा, सबर करा. अल्लाह सगळं ठीक करील." ते मान हलवून निघून गेले. पुढे कित्येक दिवस ते मशिदीत दिसले नाहीत. चौकशी केल्यावर त्यांच्या मुलाकडून कळले की डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही त्यांनी बंद केल्या होत्या. गोळी घ्यावी लागली तर सबर कुठला, असे ते घरी म्हणत होते.

मी उच्चारलेला शब्द चुकीचा नव्हता. पण तो मी त्यांना आधार देण्यासाठी नव्हे, तर संभाषण संपवण्यासाठी वापरला होता. तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. सबर म्हणजे दुःख न वाटणे का? की वाटलेले दुःख कोणालाही न सांगणे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना सूरह यूसुफ पुन्हा वाचावी. हजरत यूसुफ (अ.) यांचा रक्ताने माखलेला सदरा समोर आला तेव्हा हजरत याकूब (अ.) यांनी उत्तम सबर करण्याचा निश्चय बोलून दाखवला. तेच याकूब (अ.) पुढे पुत्रशोकाने इतके व्याकुळ झाले की त्यांचे डोळे पांढरे पडले. मुलांनी दोष दिला, तेव्हा आपले दुःख आपण अल्लाहपाशी मांडतो, असे त्यांनी सांगितले. आणि लगेच मुलांना आज्ञा केली की जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. पाहा, एकाच पैगंबरांच्या ठायी सबर आहे, अश्रू आहेत, दुआ आहे आणि प्रयत्नही आहे. अश्रूंमुळे त्यांचे सबर उणे ठरले नाही. हजरत अय्यूब (अ.) यांनीही आपली पीडा अल्लाहला हाक मारून सांगितली, तरी कुरआनने त्यांना सबर करणारे म्हणूनच गौरवले आहे.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. हजरत याकूब (अ.) यांनी गाऱ्हाणे अल्लाहपाशी मांडले, माणसांपाशी नव्हे, मग आपण आपले दुःख लोकांना का सांगावे? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. उलेमांनी येथे भेद केला आहे. अल्लाहच्या निर्णयाविरुद्ध लोकांत तक्रार करीत फिरणे वेगळे आणि मदत मिळावी म्हणून आपली अवस्था सांगणे वेगळे. पहिली वह्य अवतरली तेव्हा आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) थरथरत घरी आले, पांघरूण घालण्यास सांगितले आणि शांत झाल्यावर हजरत खदीजा (रजि.) यांना आपल्या जिवाची वाटलेली भीती स्पष्ट शब्दांत सांगितली. मोमिनांच्या त्या मातेने काय केले? आधी पांघरूण घातले. मग ऐकले. मग त्यांच्या चांगल्या कृत्यांची आठवण करून दिली. नातेसंबंध जपणे, दुसऱ्याचे ओझे उचलणे, पाहुण्याचा आदर करणे. आणि त्यानंतर जाणकार असलेल्या वरका बिन नौफल यांच्याकडे त्यांना घेऊन गेल्या. घाबरलेल्या माणसाशी कसे वागावे याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

जाणकाराकडे नेणे हाही त्या धड्याचाच भाग आहे. प्रत्येक आजारावर अल्लाहने उपाय ठेवला आहे आणि उपचार करावा, ही पैगंबरांची शिकवण आपण ताप आणि मधुमेहाला लागू करतो; मनाच्या आजाराला का करीत नाही? बल्खचे विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी दहाव्या शतकातच शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. त्यात क्रोध, भीती, शोक आणि मनात पुन्हा पुन्हा येणारे त्रासदायक विचार यांचा स्वतंत्र विचार आहे. कारण ठाऊक असलेला शोक आणि कारणाशिवाय येणारी, शरीराशी निगडित उदासी यांतला फरकही त्यांनी नोंदवला. आज कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शासनाच्या टेली-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. तेथे फोन करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण आपण मुलांना सांगतोच.

दुःखाला वाट देण्याला मर्यादा आहेतच. ऊर बडवणे, कपडे फाडणे, तकदीरला शिव्या देणे यांना इस्लामने मनाई केली आहे. आणि जे गप्प राहतात त्यांचे दुःखही कुठून तरी बाहेर पडतेच. मावा-गुटख्यात, दारूत, बायकोमुलांवर उगारलेल्या हातात. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात आणि पाणी नदीच्या पात्रात जाते. दरवाजे उघडले म्हणून धरण कमजोर आहे, असे कोणी म्हणत नाही. सबरचेही तसेच आहे.

दैनंदिन जीवनातही दीनने आपल्याला साधने दिली आहेत. राग आला तर उभ्याने बसावे, बसलेल्याने आडवे व्हावे. चिंता वाढली तर वजू करून दोन रकात नमाज अदा करावी आणि सजद्यात आपल्या भाषेत मन मोकळे करावे. हजरत सलमान (रजि.) यांनी हजरत अबू दरदा (रजि.) यांना रात्रीच्या इबादतीतून थांबवून आधी झोपायला लावले आणि शरीराचा व घरच्यांचाही आपल्यावर हक्क आहे हे बजावले, पैगंबरांनी (स.) ते योग्य ठरवले. म्हणून झोपेच्या वेळी मोबाईल दूर ठेवणे हेही त्या हक्काचे पालनच आहे. शोकाकुल घरी हजरत आयशा (रजि.) जवाची तलबीना करवून घेत, कारण तिने दुःखी मनाला आराम मिळतो हे त्यांनी पैगंबरांकडून ऐकले होते. उपदेशाआधी वाटीभर गरम अन्न, हा क्रमही शिकण्यासारखा आहे.

अखेर मी त्या चाचांच्या दुकानात गेलो. माझी चूक कबूल केली. सबर करा असे या वेळी म्हणालो नाही. चहा घेत तासभर ऐकत बसलो. पाणी चढताना वरच्या फळीवर ठेवलेला हिशेबाच्या वह्यांचा गठ्ठा तरंगत गेला, ते दृश्य त्यांनी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितले. पुढच्या आठवड्यात मुलाबरोबर ते पुन्हा डॉक्टरांकडे गेले. पावसाची भीती गेलेली नाही, पण फजरला ते पहिल्या रांगेत असतात.

आपल्या घरात, शेजारी, सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभा असलेला कोणी आपले दुःख गिळत असेल. त्याला सबरचा उपदेश करण्याआधी आपण स्वतः थोडे सबर करावे आणि त्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे. अल्लाह आपल्याला ऐकणारे कान आणि आधार देणारे हात देवो. आमीन.