काउंटरच्या पलीकडे

संध्याकाळ उतरत असताना लखनौच्या जानकीपुरममधल्या एखाद्या गच्चीवर बसू. पाठ टेकवा, हात मांडीवर सैल सोडा. सीतापूर रोडवरची वाहनं वाजत राहतील, वाजू द्या. दोन-चार श्वास नुसते येऊ-जाऊ द्या.

आता चहूकडे बघा. शहर इथवर तसं अलीकडेच पोचलं. सेक्टर आखले गेले, विद्यापीठाचे परिसर आले, औषधांवर संशोधन करणारी मोठी संस्था आली. चौक नावाच्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या लखनौकराला हा भाग शहराचं टोक वाटतो. पण ज्यांची शेतं इथे होती, त्यांना तो टोक कधी वाटला असेल का? त्यांचा दिवस इथेच उगवायचा, इथेच मावळायचा. एवढाच प्रश्न मनात धरा: टोक कुणाचं, आणि घर कुणाचं? उत्तराची घाई नको.

हाच प्रश्न घेऊन दूर जाऊ. अमेरिकेत मिसुरी आणि यलोस्टोन नद्यांच्या संगमाजवळ फोर्ट युनियन नावाचं व्यापारी ठाणं आहे. अमेरिकन फर कंपनीने ते १८२८ मध्ये वसवलं. १८६७ मध्ये ते लष्कराला विकलं गेलं. लष्कराने ते पाडून त्याचं सामान जवळच्या फोर्ट ब्युफर्डच्या बांधकामाला वापरलं. मग जवळजवळ शतकभर तिथे गवत वाढत राहिलं. पुढे राष्ट्रीय उद्यान सेवेने जागा ताब्यात घेतली. उत्खननात जुने पाये सापडले, त्या काळातल्या चित्रांशी ते ताडून पाहिले गेले, आणि १९८५ ते १९९१ या वर्षांत लाकडी तट, दगडी बुरूज आणि ठाण्याच्या प्रमुखाचं घर त्याच जागी पुन्हा उभं राहिलं.

मनाने त्या दारातून आत शिरा. सावकाश. व्यापाराच्या खोलीत या. फळ्यांवर लोकरी ब्लँकेटं, भांडी, सुऱ्या, काचेचे मणी मांडलेले आहेत. मण्यांपाशी थांबा. असे मणी व्हेनिससारख्या शहरांत घडायचे, समुद्र ओलांडायचे आणि नदीच्या उलट्या प्रवाहातून या गवताळ मुलखात यायचे. आधी व्यापाऱ्याच्या बाजूला उभे राहा. हिशेबाची वही उघडी आहे. माल किती आला, किती गेला, नफा किती. इथून बघितलं तर बाहेर सगळा परका मुलूख आहे, आणि हे ठाणं म्हणजे ओळखीच्या जगाचं शेवटचं दार.

आता काउंटरला वळसा घालून पलीकडे जा. इथे या मुलखातल्या मूळ जमातींचे लोक, म्हणजे असिनिबॉइन माणसं उभी असायची. क्री, क्रो, ब्लॅकफीट असायचे. त्यांच्या हातात बायसनची केसाळ कातडी आहेत. ती बहुतेक बायकांनी कमावलेली. खरवडायचं, मगज चोळायचा, ताणायचं, मऊ होईतो राबायचं. एकेका कातड्यामागे कित्येक दिवस जायचे. त्या बाईचं नाव वहीत नाही. तिच्या बाजूने बघितलं तर बाहेर परकं काहीच नाही. परकी आहे ती ही खोली.

इथे थोडा वेळ राहा, कारण मन लगेच निवाडा करायला धावतं. लुटणारे आणि लुटले गेलेले, एवढ्यावर थांबावंसं वाटतं. पण हे ठाणं असिनिबॉइनांनीच मागितलं होतं. त्यांना हा व्यापार हवा होता, आणि आपल्या मालाची किंमत त्यांना कळत होती. हे मनात मुरू द्या. मग दुसरी गोष्टही तितक्याच शांतपणे जवळ घ्या. १८३७ मध्ये कंपनीच्याच आगबोटीतून देवीची साथ वर आली, आणि नदीकाठच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. ज्या वाटेने मणी आले, त्याच वाटेने मरणही आलं. यातली कुठलीच गोष्ट दुसरीला पुसत नाही. दोन्ही एकत्र धरता येतात का, बघा.

त्या मैदानी मुलखात लाकोटांसारखे लोक एकेका वर्षासाठी एकेक चित्र काढून काळाची नोंद ठेवायचे. ती नोंद असायची बायसनच्या कातड्यावर. काउंटरवर जे कातडं विकाऊ माल होतं, तेच तंबूत इतिहासाचं पान होतं. व्यापाऱ्याला त्यातलं निम्मंच दिसलं.

आता श्वास सोडा आणि लखनौत परत या. इथून काही मैलांवर, चौकात, फिरंगी महल आहे. कधीकाळी ते युरोपीय व्यापाऱ्याचं घर होतं. पुढे ते सरकारजमा झालं. सतराव्या शतकाच्या अखेरीस विद्वान मुल्ला कुतबुद्दीन यांची हत्या झाल्यावर औरंगजेबाने ते त्यांच्या मुलांना राहायला दिलं. त्यांतल्या मुल्ला निजामुद्दीन यांनी आखलेला अभ्यासक्रम दर्स-ए-निजामी म्हणून उपखंडभर पसरला. व्यापारी निघून गेला. जे राहिले, त्यांनी त्याच जागेत ज्ञानाचं घराणं उभं केलं. ठाणं कुणाचं, याचं हेही एक उत्तर.

शेवटी आपल्या कोकणात, वेंगुर्ल्याला. १६३७ च्या सुमारास डच तिथे आले. त्यांना पोर्तुगीजांच्या गोव्याची कोंडी करायची होती, आणि आदिलशाहीच्या परवानगीने गोव्याच्या उत्तरेला पाय रोवायला जागा हवी होती. त्यांच्या दगडी वखारीचे पडके अवशेष आजही गावात आहेत. तिथून गेलेली डचांची पत्रं शिवकाळाच्या अभ्यासकांना साधन म्हणून उपयोगी पडतात. म्हणजे आपलाच काळ आपण काही वेळा वखारीच्या खिडकीतून वाचतो. त्या पत्रांचं मोल मोठं आहे. पण वखारीत माल वाहणारे, दोन्हीकडचं बोलणं पोचवणारे दुभाषे, होड्या वल्हवणारे, यांना ते गाव परमुलूख नव्हतं. ते त्यांचं वेंगुर्लं होतं.

म्हणून मला मनापासून वाटतं, अशी वास्तू पुन्हा बांधायचीच असेल तर भिंतींबरोबर पलीकडची बाजूही बांधली पाहिजे: कातडं कमावणारीचे हात, दुभाष्याची जीभ, साथीत गेलेल्यांची संख्या. आणि अशा ठाण्यात तुम्ही पाहुणे म्हणून जाल, तेव्हा आधी व्यापाऱ्याच्या खुर्चीकडे जाऊ नका. जिथे येणाऱ्याला थांबावं लागायचं, तिथे उभे राहा. माल आणणाऱ्याच्या नजरेने भाव विचारा. त्याचं घर कुठल्या दिशेला होतं, तेही विचारा. तिथल्या मार्गदर्शकाला उत्तर देता आलं, तर ती वास्तू खरोखर पुन्हा उभी राहिली असं समजा.