अर्जदार : परमेश्वर

माझ्या आयुष्याची चोवीस वर्षे दुसऱ्यांचे अर्ज तपासण्यात गेली. बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो, तो चिकटलोच. इतके अर्ज पाहिल्यावर माणसाला एक गोष्ट कळून चुकते. देवापुढे खोटे बोलताना लोक जरा तरी कचरतात, कर्ज विभागापुढे अजिबात कचरत नाहीत. पण एकाच कागदात दोघांनाही तोंड द्यायची वेळ आली तर काय करावे? हा प्रश्न मला गेल्या वर्षी पडला आणि तोही कुठे, तर इंग्लंडातल्या एका खेड्यात!

माझी धाकटी बहीण तिथे असते. तिने महिनाभरासाठी बोलावले, तिकिटाचे पैसे मेव्हण्यांनी भरले, म्हणून मी गेलो. शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा राहतात. ते गावच्या चर्चचे खजिनदार. "माझा दादा बँकेत असतो," असे बहिणीने त्यांना कौतुकाने सांगितले. माझा मान वाढावा हा तिचा हेतू. वाढले ते काम. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा काखेत फाईल घेऊन दारात उभे. चर्चचे छप्पर गळत होते आणि अनुदानाचा अर्ज भरायचा होता.

माझी आपली समजूत, की ज्या देशाचा राजाच चर्चचा प्रमुख, तिथे छपराची काळजी राजाने करायची. आजोबा हसले. इंग्लंडच्या चर्चची सोळा हजारांच्या आसपास देवळे. (हो, मी देवळेच म्हणतो, आजोबांनाही शब्द आवडला.) त्यांतली बारा हजारांहून अधिक सरकारी वारसा यादीत आहेत. यादीत नाव गेले की मान मिळतो. खर्च मात्र गावातल्या समितीने करायचा, म्हणजे आजोबांनी, आणखी पाच-सहा जणांनी आणि केक विकणाऱ्या त्यांच्या बायकांनी.

१९५५ सालच्या नियमाप्रमाणे दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञ येऊन इमारत तपासतो. आमच्याकडे ऑडिटर येतो तसा. तोही चुका दाखवतो आणि चहा पिऊन जातो. छपरावर शिशाचे पत्रे असतात, ते चोर उपटून नेतात. ("भाविकांपेक्षा चोर जास्त नेमाने येतात," इति आजोबा.) आत वटवाघळे राहतात आणि त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूंसारखी ती हलत नाहीत आणि हलवताही येत नाहीत. दुरुस्तीच्या बिलावर सरकार वीस टक्के कर घेते. अशा यादीतल्या प्रार्थनास्थळांना तो परत द्यायची योजना २००१ साली निघाली, तिला २०२५ साली वर्षाला पंचवीस हजार पौंडांची मर्यादा आली. एका हाताने घ्यायचे आणि अर्ज केल्यावर दुसऱ्या हाताने द्यायचे, ही कला जगातल्या कुठल्याच सरकारला शिकवावी लागत नाही.

पहिला वाद पैसा कुठला यावर झाला. तिथली राष्ट्रीय लॉटरी १९९४ साली सुरू झाली. तिच्या उत्पन्नातला काही भाग जुन्या वास्तू जपायला मिळतो. पण आजी मूळच्या मेथडिस्ट घरातल्या आणि त्या पंथाला जुगाराचा पहिल्यापासून तिटकारा. "लोक हरले म्हणून देवाचं छप्पर शिवायचं?" त्यांनी विचारले.

यावर आमच्या मेव्हण्यांनी फ्रान्सच्या सहलीतली गोष्ट काढली. रूआं नावाच्या शहरात मोठे कॅथीड्रल आहे. त्याच्या एका मनोऱ्याला लोण्याचा मनोरा म्हणतात. उपवासाच्या दिवसांत लोणी वर्ज्य. पण पैसे भरले की खायची परवानगी मिळे आणि त्या पैशांतून, पाचशे वर्षांपूर्वी, हा मनोरा उभा राहिला असे सांगतात. आपल्याकडे उपवासाला साबुदाण्याची खिचडी मुळातच चालते, म्हणून आपण अशा वास्तूला मुकलो.

आजोबा शांतपणे म्हणाले, "दानपेटीत टाकणाऱ्याला मी कधी विचारत नाही, पैसे कुठून आणलेस. लॉटरीला तरी कशाला विचारू?" आजींनी उत्तर दिले नाही, चहा दिला. वाद मिटला असे मी समजलो.

मग आला सातवा रकाना. या इमारतीचा उपयोग किती लोक करतात?

अनुदान देणाऱ्यांना भक्तीपेक्षा उपयोगात जास्त रस असतो. तिथे स्वयंपाकघर आहे का, स्वच्छतागृह आहे का, गावाला काय फायदा, असे ते विचारतात. त्यांचेही बरोबर आहे, पैसा सगळ्यांचा आहे. पण आमच्या चर्चमध्ये नळसुद्धा नव्हता आणि रविवारी येणारी माणसे होती अकरा.

इथे माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. मी म्हटले, "आजोबा, नाताळला किती येतात?" दीडशे. लग्ने, अंत्यविधी, शाळेची मुले? मी सगळी बेरीज केली, सोयीच्या आकड्याने भागले आणि साठ सरासरी काढून दाखवली. यात एकही आकडा खोटा नव्हता. खरे आकडे वापरून खोटे कसे बोलावे, हे शिकायला आम्हाला तीन वर्षे कॉलेजात घालतात.

आजोबांनी कागद पाहिला. "पण रविवारी अकराच येतात," ते म्हणाले.

"अहो, तपासणाऱ्याला अकरा चालत नाहीत! मला माहीत आहे. तपासणारा मीच असतो!"

हे बोललो आणि माझे मलाच काहीतरी आठवले. पंधरा वर्षांपूर्वी एक बाई शिलाई मशीनच्या कर्जासाठी आल्या होत्या. मासिक उत्पन्नाच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते, 'कधी असते, कधी नसते.' मी अर्ज परत केला. "आकडा लिहून आणा." त्या म्हणाल्या, "खोटा कसा लिहू?" आणि गेल्या त्या परत आल्याच नाहीत. त्याच आठवड्यात एका गृहस्थांचा सुबक टाईप केलेला अर्ज मी पुढे सरकवला. ते कर्ज पुढे बुडाले. पैसा कुठला हे तपासणारे आम्ही पुष्कळ. पण खरे लिहिणाऱ्याला रांगेतून कोण बाहेर काढतो, हे कोणी तपासत नाही.

आजोबांनी 'अकरा' असेच लिहिले. खाली 'इतर माहिती'च्या चौकटीत लिहिले, 'दार दिवसभर उघडे असते. कोण येऊन बसून जाते, ते आम्ही मोजलेले नाही.'

त्या रविवारी पावसात सापडलो म्हणून मी चर्चमध्ये शिरलो आणि प्रार्थना संपेपर्यंत मागे बसून राहिलो. छपरातून एक थेंब नेमाने माझ्या शेजारच्या बाकावर पडत होता. बाहेर पडताना म्हटले, "आजोबा, आज बारा झाले. अर्ज दुरुस्त करा."

"तुम्ही गुरुवारी जाणार," ते म्हणाले. "अकराच."

पुढे बहिणीने कळवले, मागितले त्याच्या निम्मे पैसे मिळाले. निम्मे छप्पर झाले. उरलेल्याचा नवा अर्ज आजोबा लिहीत आहेत, आणि लॉटरीकडे मात्र अजून गेलेले नाहीत. आजींनी त्या दिवशी चहा दिला होता, संमती नव्हे.

परत आल्यावर मी जुन्या रजिस्टरात त्या बाईंचे नाव शोधले. सापडले नाही. मंजूर केलेल्या अर्जांची नोंद आमच्याकडे असते, परत केलेल्यांची नसते.