माहेरचा आजार

दिवाळी येईतो बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि दारांची कुलपं एवढंच उरलेलं असतं. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी उसाच्या फडावर गेलेली असतात. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून ओटीपोट दुखलं, अंगावरून पांढरं गेलं, तरी बाई दिवस ढकलते. शेवटी एखाद्या खासगी दवाखान्यात तिला ऐकवलं जातं, ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल.’ २०१९ मध्ये गर्भपिशव्या काढण्याचं हे प्रकरण गाजलं. तेव्हा सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली.

डॉक्टरांच्या लोभावर आणि मुकादमांच्या जाचावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं, ते रास्तच होतं. मला आणखी एक गोष्ट खुपते. कॅन्सरची भीती इतकी सहज विकली गेली, कारण घरात त्याविषयी कुणी कधी धड बोललंच नव्हतं.

आजी कशानं गेली? ‘पोटाच्या दुखण्यानं.’ आत्याला काय झालं होतं? ‘मोठा आजार.’ पुढचं विचारायचं नाही, धाकटीची सोयरीक मोडेल. सुनेच्या आईचं दुखणं माहेरीच राहतं आणि सासरच्या गावात केसपेपर नवऱ्याच्या नावानं निघतो. खरं तर आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर बाईचा धोका साधारण दुप्पट होतो. तो पस्तिशीत झाला की सत्तरीत, यानंही फरक पडतो. हा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष तर बापाकडूनही तितकाच येतो, पण बापाकडच्या आत्यांची चौकशी करतो कोण? अर्थात एकूण कॅन्सरांपैकी पाच-दहा टक्केच आनुवंशिक असतात. (तोंडाचा कॅन्सर ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणतात, तिथं बहुधा मिश्रीची डबी घराण्यात असते.)

गर्भपिशवीच्या तोंडाच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या, कॅन्सरला घराण्याची वाट पाहायची गरजच नाही. तो मुख्यतः एचपीव्ही विषाणूमुळे होतो. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयानं एका जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेसोबत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आला: ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी मिळाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यानं घटले. जगभर गाजलेला हा पुरावा बीडच्या सीमेला लागून तयार झाला आणि सीमेच्या अलीकडे बायका पिशव्या काढून घेत राहिल्या.

आता तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. त्यात घराण्यातला बीपी, शुगर, हृदयविकार विचारला जातो, कॅन्सर नाही. तो रकाना वाढवायला हवाच, पण सासूसमोर ‘तुझ्या आईला काय झालं होतं?’ विचारलं, तर ‘काही नाही’ हेच उत्तर येणार. म्हणून हा प्रश्न नागपंचमीला, माहेरी विचारावा. आई, लेकी, आलीच तर आत्याही तेव्हा एका घरात असतात. श्रावणात तपासलं, तर रिपोर्ट येऊन पुढचे उपचार सुरू व्हायला दसऱ्यापर्यंत दोन महिने हाताशी राहतात. भाऊबीजेला शिबिर भरवून काय उपयोग? तोवर ऊसतोडीचे ट्रक निघून गेलेले असतात.