नदीचे पावित्र्य आणि पाण्याचा नमुना

नागपुरात धरमपेठेजवळून वाहणाऱ्या नाग नदीला आता बहुतेक जण नालाच म्हणतात. पण हा नाला शहराचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळतो, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचापुढे गोदावरीत विसर्जित होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये पुष्कर पर्वातल्या स्नानासाठी भाविक प्राणहितेत उतरले, ते याच जलमार्गाच्या खालच्या टोकाला. मग पवित्र मानलेल्या नदीचे पाणी वर्षानुवर्षे तपासत राहणे हा श्रद्धेवरचा अविश्वास म्हणायचा, की श्रद्धेचेच कर्तव्य?

ते कर्तव्यच आहे, असे मला वाटते. आणि त्याचा आधार आपल्याच परंपरेत सापडतो. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण दोघांचे साहचर्य पुन्हा पुन्हा पाहिलेले असते. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अभ्यासक, याला भूयोदर्शन म्हणतात. नदीलाही हेच लागू पडते. ऑगस्टच्या पुरात घाण विरळ होते, मे महिन्यात प्रवाह आटून तीच दाट होते. एखाद्या दिवशीचा नमुना यातले काहीच सिद्ध करत नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या रीतीने, दर महिन्याला, अनेक वर्षे पाणी तपासले तरच ऋतूचा परिणाम कोणता आणि माणसाचा कोणता, हे वेगळे काढता येते. नुसत्या डोळ्यांवरही विसंबता येत नाही. नितळ पाण्यातही मैलाजन्य जंतू असू शकतात. म्हणून स्नानयोग्य पाण्याच्या निकषांत लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम आणि जैविक प्राणवायू मागणी (घाण कुजवताना सूक्ष्मजीव वापरतात तो प्राणवायू) कमाल ३ मिलिग्रॅम असावी लागते, शिवाय मैलाजन्य जंतूंनाही मर्यादा घातलेली आहे.

यावर भाविक म्हणेल की पावित्र्य आकड्यात मावत नाही. मान्य आहे, पण आकडा पावित्र्याचा नसतोच. तो आपल्या वागण्याचा असतो. पाण्यात मलमूत्र टाकू नये, असे धर्मशास्त्रच सांगते. तो नियम पाळला गेला की नाही, एवढेच प्रयोगशाळा नोंदवते. दुसरा आक्षेप असा की नदी स्वतःच शुद्ध होते. होते खरी, हवेतला प्राणवायू आणि सूक्ष्मजीव यांच्या बळावर. पण त्या बळाला मर्यादा आहे, आणि वैनगंगेवरच्या गोसीखुर्दसारख्या धरणात पाणी थबकले की वाहत्या पाण्याचा लाभही घटतो. तिसरा आक्षेप सर्वांत सबळ आहे. पाणी प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ चा, पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था नागपुरातच, तरी नाग नदी मैलीच. मग हे मोजणे म्हणजे नुसते कर्मकांडच नाही का? कृतीविना मोजणे कर्मकांडच ठरते, हे खरे. पण नोंदच नसेल तर दोषाला कर्ता उरत नाही: वरचे गाव खालच्याकडे बोट दाखवते आणि खालचे वरच्याकडे.

म्हणून मागणी साधी आहे. पर्वस्नानाचा मुहूर्त जाहीर होतो, त्याच फलकावर त्या महिन्याचा पाण्याचा अहवाल आणि मागच्या दहा वर्षांचा कलही लावावा. ज्यांना नदी माता वाटते, त्यांनीच तो सर्वांत आधी मागायला हवा.