मधेच सोडण्याविषयी

श्रावणातल्या एका संध्याकाळी माझ्या भाच्याचा मुलगा वसतिगृहातून अचानक आमच्याकडे आला. चहा झाला, खिचडी झाली, घरच्यांची विचारपूस झाली, आणि हिने ताटे उचलल्यावर तो खाली बघत म्हणाला, "मामाआजोबा, मला इंजिनिअरिंग सोडायचं आहे."

पहिले वर्ष तो बऱ्या गुणांनी पास झालेला. दुसरे नुकते सुरू झालेले. म्हणजे 'झेपत नाही म्हणून पळतोस' असे म्हणायचीही सोय त्याने ठेवली नव्हती. "मग करायचं काय?" असे मी विचारताच त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला एक दगड काढला. काळ्या कातळाच्या पोकळीत फिकट गुलाबी, मोत्यासारखे चकाकणारे स्फटिक. "स्टिल्बाइट," तो म्हणाला. आणि तासभर थांबलाच नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर कसे साचले, त्यांतल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या कशा राहिल्या, पुढे पाणी झिरपून त्यांत हे स्फटिक कसे वाढले, वाघोलीच्या खाणींतले निळेशार कॅव्हन्साइट जगातल्या संग्रहालयांत कसे जाऊन बसले आहे! सत्तरी ओलांडेपर्यंत मी ह्याच कातळावर राहिलो, पण तो माझ्याशी कधी इतके बोलला नव्हता. मुलाला भूशास्त्र शिकायचे होते.

मी लगेच काही बोललो नाही. ह्याला कारण आहे. २००२ साली माझा स्वतःचा मुलगा ह्याच खोलीत असाच माझ्यासमोर बसला होता, आणि मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो होतो, "दोनच वर्षं तर राहिली!" त्याने ती दोन वर्षे काढली. पदवी मिळाली. ती एका फायलीत आहे. तो शाळेत मुलांना इतिहास शिकवतो आणि मजेत आहे. माझ्यावर त्याचा राग नाही. फक्त त्यानंतर आयुष्यातला कुठलाही मोठा निर्णय त्याने मला विचारून घेतला नाही. घेतला आणि कळवला.

आपल्या भाषेत मधेच सोडणाऱ्याला चांगला शब्द नाही. तो धरसोड्या असतो, आरंभशूर असतो. उलट नको असलेले नेटाने ओढत नेणाऱ्याला आपण चिकाटीचा म्हणतो. मी स्वतः असा चिकाटीचा माणूस. १९७१ साली संस्कृतची ओढ असताना वाणिज्य शाखेत गेलो, मन रमेना तरी राहिलो, पुढे एकोणचाळीस वर्षे बँकेत खतावण्या जुळवल्या. लोक ह्याला धीर म्हणतात. मला विचाराल तर त्यात निम्मा धीर होता आणि निम्मे वडिलांसमोर उभे राहण्याचे भय होते. बाहेरून दोन्ही अगदी एकसारखी दिसतात, हीच तर पंचाईत आहे.

"एवढा पैसा घातला, त्याचं काय?" हा प्रश्न प्रत्येक घरात पहिल्यांदा येतो. हिशेबनीस म्हणून सांगतो, ह्या प्रश्नात एक चूक आहे. भरलेली फी राहिल्यानेही परत येत नाही आणि सोडल्यानेही परत येत नाही. ती दोन्ही बाजूंनी वजा झालेली रक्कम आहे. तिच्यासाठी आणखी तीन वर्षे घालणे म्हणजे बुडीत कर्ज वसूल करायला नवे कर्ज काढणे.

पण एवढे म्हणून सुटका होत नाही. ते पैसे माझ्या भाच्याने कर्ज काढून भरले आहेत, आणि नव्या शिक्षणाचे पैसेही त्यालाच उभे करावे लागणार. गेलेल्या पैशाचा हिशेब मिटला तरी दुसऱ्यांदा मागण्याचा अधिकार मुलाला आहे का? मला वाटते, मागण्याचा आहे. मिळालेच पाहिजे असे म्हणण्याचा नाही. बापाचे ऋण असते, ते खरे असते. पण ते मुलाच्या आयुष्याच्या वर्षांनी फेडून घ्यायचे नसते. आणि मुलानेही 'माझं आयुष्य' म्हणताना, ते आजवर कोणाच्या ओव्हरटाइमवर चालले, हे विसरायचे नसते.

अशा वेळी थोरामोठ्यांचे दाखले देतात. डार्विनने एडिंबरोचे वैद्यकीय शिक्षण १८२७ साली सोडले. गांधीजी १८८८ साली भावनगरच्या कॉलेजातून पहिल्या सत्रानंतर घरी आले आणि त्याच वर्षी विलायतेला गेले. गांधीजींनी आत्मकथेत प्राध्यापकांना बोल लावला नाही, आपलाच कच्चेपणा सांगितला. आणि विलायतेच्या खर्चासाठी पत्नीचे दागिने मोडण्यापर्यंत विचार गेला होता, हेही लपवले नाही. दाखला द्यायचा तर तो एवढा पुरा द्यावा. शिवाय जे कॉलेज सोडून पुढे कोणीच झाले नाहीत त्यांची आत्मचरित्रे छापली जात नाहीत. म्हणून हे दाखले मी मुलाला दिले नाहीत.

मी त्याला साधे प्रश्न विचारले. दगड आवडतात, पण दगडांचे रसायन आवडते का? प्रकाशशास्त्राचे गणित? उन्हात आठ तासांची पायपीट, आणि संध्याकाळी तक्ते भरणे? त्याने जुन्या बाजारातून एक पाठ्यपुस्तक घेतले होते आणि त्यातले अर्धे झाले होते. पुढच्या अर्ध्यातले काही कळले नाही, असे त्याने आपण होऊन सांगितले. हे उत्तर मला फार आवडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची वाट आखली आहे. त्याच्या विद्यापीठात ती प्रत्यक्ष कितपत लागू होते, ते लेखी विचारून ये, असेही मी सांगितले. प्रवेश तर पुढच्या जूनमध्येच होणार. तोवर हे वर्ष अर्धवट टाकून घरी बसण्यात शहाणपण नव्हते. ते त्याला पटले.

"पण बाबांना तुम्ही सांगाल ना?" जाताना त्याने विचारले.

ह्याला मात्र मी नाही म्हणालो. मी सांगितले असते तर भाच्याने मान दिला असता, मामाचा शब्द मोडला नसता. आणि मुलगा बापासमोर उभे राहण्यातून सुटला असता, जसा मी पन्नास वर्षांपूर्वी सुटलो. तो जरा खट्टू होऊन गेला. हिनेही मला बोल लावले.

पितृपक्षात भाच्याचा फोन आला. आवाज चढलेला होता. "मामा, तुम्हाला हे ठाऊक होतं?" "होतं," मी म्हणालो. बराच वेळ तो बोलला. कर्जाचे हप्ते, नातेवाईक काय म्हणतील, दगडांवर पोट भरतं का. मी ऐकून घेतले. मग जरा थांबून तो म्हणाला, "रविवारी वाघोलीची खाण दाखवतो म्हणतोय. जायचं का, तेच ठरत नाहीये."

"बूट घालून जा," मी म्हणालो, "तिथं खडी फार असते."