चूल आणि कोयता

भारताच्या जनगणनेत कुटुंब ठरते ते स्वयंपाकावरून. सर्वसाधारणपणे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकातून जेवणारी माणसे जनगणना एक कुटुंब म्हणून मोजते, मग ती परस्परांची नातलग असोत वा नसोत. हे माप मराठी समाजाला परके वाटण्याचे कारण नाही, कारण भाऊ विभक्त झाले हे सांगताना आपण ‘वाटणी झाली’ म्हणण्याआधी ‘चूल वेगळी झाली’ असे म्हणतो. हिंदू कायद्यातही एकत्र कुटुंबाची ओळख अन्न, पूजा आणि मालमत्ता या तिन्ही बाबतींतल्या एकत्रपणावरून सांगण्याची जुनी रीत आहे आणि त्या यादीत अन्न पहिले येते. जनगणनेच्या व्याख्येला मात्र एक शेपूट जोडलेले आहे. कामाच्या निकडीमुळे एकत्र जेवणे जमत नसेल, तर तेवढ्यावरून कुटुंब मोडले असे समजायचे नाही, अशी ही सवलत आहे. ती रात्रपाळीचा कामगार, फिरता विक्रेता अशांना ध्यानात घेऊन दिलेली दिसते. पण बीड जिल्ह्यातल्या, ऊसतोडीसाठी बाहेर पडणाऱ्या हजारो घरांत ही कामाची निकड वर्षातले पाच-सहा महिने चालते आणि तेवढा काळ सवलत हाच नियम होऊन बसतो.

घराबाहेर तात्पुरते राहणाऱ्या माणसापुढे निजण्याइतकाच जेवणाचा प्रश्न असतो. मराठीने हे दोन प्रश्न शब्दांतही वेगळे ठेवले आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात ‘हॉटेल’ म्हटले की चहा, भजी आणि मिसळ डोळ्यांपुढे येते. मुक्कामासाठी असतो तो ‘लॉज’, आणि तिथे खोलीत स्टोव्ह पेटवायला सहसा मनाई असते. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो एका ठिकाणी निजतो आणि दुसऱ्या ठिकाणी जेवतो. ज्याच्याजवळ ते नाहीत त्याला मुक्कामाबरोबर चूलही न्यावी लागते. मुंबईच्या गिरणगावाने याचा तिसरा मार्ग काढला होता. बायकामुले गावी ठेवून आलेले गिरणी कामगार गाळ्यात दाटीवाटीने राहत आणि खानावळीत महिन्याच्या हिशेबाने जेवत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे त्यांच्यापर्यंत पोचवली. कर्ज मिळू शकले ते खानावळीतल्या स्वयंपाकाला दर होता म्हणून. त्याच बाईने तोच स्वयंपाक नवऱ्यासाठी केला असता, तर बँकेच्या लेखी तो व्यवसाय ठरला नसता.

माजलगावचे वैशिष्ट्य असे की ऊसतोडीच्या स्थलांतराची दोन्ही टोके इथे दिसतात. सिंदफणा नदीवरचे माजलगाव धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा भाग आहे. पैठणहून निघालेल्या उजव्या कालव्याचे पाणीही याच जलाशयात येते. पाणी आले तसा ऊस आला, तेलगाव आणि पवारवाडीला साखर कारखाने झाले, आणि गोदाकाठच्या काळ्या रानात तोडणीच्या टोळ्या उतरू लागल्या. इकडे धारूर, वडवणीकडच्या बालाघाटाच्या उतारावर पाऊस बेभरवशाचा आणि माती उथळ. तिथली माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूरकडे किंवा सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोटकडे निघतात. म्हणजे धरणाच्या एका बाजूला लोक पोटासाठी बाहेर पडतात आणि दुसऱ्या बाजूला तसेच लोक येऊन उतरतात. या दोन गोष्टी शेजारशेजारच्या तालुक्यांत घडत असूनही त्यांचा हिशेब एकत्र मांडला जात नाही, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

या व्यवसायात माणसे मोजण्याचे एकक ‘कोयता’ आहे. ऊस तोडण्याच्या हत्याराचे हे नाव तोडणाऱ्या जोडीला लागले: नवरा आणि बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. कारखान्याच्या वतीने टोळी जमवणारा मुकादम कोयत्यामागे ‘उचल’, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम देतो आणि पुढे तोडलेल्या उसाच्या टनांवरून ती फिटत जाते. अर्ध्या कोयत्याला उचल कमी मिळते म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्ने उरकण्याची घाई होते आणि त्यात पुष्कळदा मुलीचे वय पाहिले जात नाही. जनगणना ज्या जोडप्याला चुलीवरून एक धरते, त्यालाच मुकादमाची वही कोयत्यावरून एक धरते. फरक इतकाच की वहीत उतरतो तो टन. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली ती टनावर. तो टन ज्या भाकरीच्या बळावर तोडला जातो, तिचा उल्लेख कोणत्याच करारात येत नाही.

भाकरीचे गणित सोपे नाही. कामगारांचा मुक्काम ‘कोपी’त असतो. बांबू, चटई, पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद यांची ही ठेंगणी, वाकून आत शिरण्याजोगी झोपडी कारखान्याजवळच्या तळावर किंवा शेताच्या कडेला उभी राहते. पाचट पेट घ्यायला वेळ लागत नाही, म्हणून तीन दगडांची चूल दाराबाहेर, वारा अडेल अशा आडोशाने मांडावी लागते. गावच्या घरी गॅसची शेगडी असली तरी ती बहुधा गावीच राहते. इथे सरपण गोळा करावे लागते आणि पाणी जिथे मिळेल तिथून डोक्यावर आणावे लागते. ज्वारीचे पीठ गव्हाच्या कणकेसारखे चिकट नसते. ते गरम पाण्यात मळावे लागते आणि शिळे झाले की त्याची विरी जाते, म्हणजे भाकरी थापताना कडा फाटतात आणि ती तव्यावर टाकताना मोडते. त्यामुळे सहा महिन्यांचे पीठ बरोबर नेता येत नाही. न्यायची ती ज्वारी-बाजरीची पोती, आणि आठवड्याला पुरेल एवढे दळायला जवळची गिरणी शोधायची. तेल, तिखट, डाळ यांसाठी मुकादमाकडून ‘खर्ची’ मिळते, पण ती शेवटी मजुरीतूनच वजा होते.

या सगळ्याहून अवघड असतो तो वेळेचा मेळ. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर उतरू लागते, म्हणून तो शक्य तितक्या लवकर, शक्यतो चोवीस तासांच्या आत, गाळला जावा असा कारखान्याचा प्रयत्न असतो. मग गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला ऊस भरायचा आणि पहाटे पुन्हा फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, हजर व्हायचे. बाई तीन-चारच्या सुमारास उठते, दोन्ही वेळच्या भाकरी एकदमच थापते, बरोबर पिठले, एखादी सुकी भाजी किंवा ठेचा करते आणि ते फडक्यात बांधून फडाकडे निघते. तिथे ती नवऱ्याच्या बरोबरीने तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते आणि अंधार पडल्यावर परतून पुन्हा चुलीपुढे बसते. जेवण फडात सरीवर बसून, जसे जमेल तसे, मागेपुढे होते. कुटुंबाच्या जेवणाची वेळ उसातल्या साखरेने ठरवावी, अशी व्यवस्था सहकाराच्या अभिमानाने उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रात रुळली आणि तिचे कोणाला विशेष वाटले नाही.

या स्वयंपाकाला गरिबीचा स्वयंपाक म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. बिनतेलाची भाकरी दिवसभर टिकते, हाताने मोडून खाता येते आणि तिला ताट लागत नाही. ठेच्याला फार जिन्नस लागत नाहीत आणि तो कोरड्या भाकरीला ओढून नेतो. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचे मसाला घातलेले पीठ, मराठवाड्यातल्या घरात असतेच, आणि ते पाण्यात कालवून उकळले की भाजी नसलेल्या दिवशी आमटी होते. स्थलांतराला पुरी पडणारी ही पाककला मराठवाड्याजवळ आधीपासूनच होती, कारण दुष्काळाशी व्यवहार तिला नवा नव्हता. तरीही सण आले की तिची मर्यादा उघडी पडते. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या बीडच्या दक्षिण भागात घरेच्या घरे आपल्या शेतात जाऊन भज्जी, उंडे आणि आंबील यांचे जेवण करतात; शेतात जेवणे हाच त्या दिवसाचा सोहळा. त्या दिवशी परमुलखातल्या फडात असलेला माणूस रोजच शेतात जेवत असतो, फक्त शेत दुसऱ्याचे असते.

या चुलीला हात देण्याचे सरकारी मार्ग काढले गेले आहेत. शिधापत्रिका कुठेही चालावी ही सोय ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेने केली, आणि गावी आजी-नातवंडे आणि फडात नवरा-बायको अशी एका पत्रिकेवरची माणसे दोन ठिकाणी जेवू लागली तरी नियमाने धान्य वाटून दोन्हीकडे उचलता येते; पण पत्रिका एकच राहिली तरी चुली दोन होतात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची व्यवस्था झाली. तिने मुलाची शाळा टिकते, जेवणही मिळते, आणि घराच्या चुली मात्र दोनाच्या तीन होतात. 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी शहरातल्या कष्टकऱ्याला उपयोगी पडली. ती उसाच्या सरीपर्यंत पोचणे अवघड, आणि पोचली तरी ठरलेल्या वेळी हात धुऊन बसता येईल अशी ठरलेली वेळच तिथे नसते. तळावर सामुदायिक स्वयंपाकघर काढावे ही सूचना त्यामुळे अर्धीच बरोबर ठरते. पाण्याचा नळ, धुराला वाट असलेली पक्की चूल आणि जवळची गिरणी यांनी बाईचे काम हलके होईल. पण गाडीची वेळ आणि टनाचा दर तसाच राहिला, तर वाचलेला तास जेवणाच्या पंक्तीला न मिळता पुन्हा उसालाच जाण्याचा संभव अधिक.

चैत्राच्या आगेमागे पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, आणि कोप्या मोडून टोळ्या परततात. सहा महिने बंद राहिलेल्या घरातली मातीची चूल तोवर तडकलेली असते. ती आधी लिंपून घ्यावी लागते. उन्हाळा हा वाळवणाचा काळ, पण त्याच दिवसांत लग्ने, उचलीची फिरवाफिरव आणि पेरणीची तयारी असे सगळे एकदम येऊन पडते, त्यामुळे शेवया-कुरडयांचा घाट सगळ्याच घरांना झेपत नाही. ज्यांना झेपतो, त्या घरातल्या बायका डाळ वाटून सांडगे घालतात आणि कडकडीत वाळल्यावर त्यांतला एक वाटा कार्तिकात न्यायच्या डब्यासाठी बाजूला काढून ठेवतात.